वागळे इस्टेटमध्ये टांगलेलं काकूंचं पातेलं

या ब्लॉगवर सात महिने काही आलं नाही. ज्यांनी विचारलं त्यांचे आभार, ज्यांनी विचारलं नाही त्यांचे जास्त. ब्लॉग लिहायचो मी, पण चालवायची शैला, माझी बायको. कुठे जायचं ते ती ठरवायची, काय लिहायचं ते ती सांगायची, मी टाइप करायचो. मार्चमध्ये ती गेली. त्यानंतर मी डोंबिवलीबाहेर पडलो ते दोनदाच, दोन्ही वेळा कागदपत्रांसाठी. त्याचं प्रवासवर्णन होत नाही.

याचं होईल असं वाटतं. डोंबिवली, शीळफाटा, ठाण्याची वागळे इस्टेट, तिथून कल्याण, ठाकुर्ली आणि परत घर. एक रविवार. हिमालयात जाऊन आलेल्यांनी हसू नये. त्यांना वाटेत हिमवादळ लागलं असेल, पण शीळफाटा लागलेला नसतो.

निमित्त वैद्यकाकूंचं. काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वय बहात्तर, शाळेत गणित शिकवायच्या, मुलगा जर्मनीत. शैला गेली तेव्हा दहा दिवस आमच्याकडे गॅस पेटला नाही आणि दोन्ही वेळचं जेवण काकूंकडून आलं. पिठलं-भात, कधी मुगाची खिचडी. यायचं ते एका जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यातून. शेवटचं पातेलं माझ्याकडेच राहिलं. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काही नसेल तर चमचाभर साखर घालायची, हा आमच्या बिल्डिंगमध्ये सोसायटीच्या नियमांपेक्षा कडक पाळला जाणारा नियम आहे. पण सुतकाच्या घरातून काय घालून देणार? आणि सुतक फिटल्यावर घालण्यासारखं काही करणारं घरात कोणी उरलं नव्हतं. मी डबा लावला. पातेलं ओट्याखाली राहिलं.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी काकूंनी बेल वाजवली.

"प्रकाश, सात महिने मी विचारलं नाही. बरं दिसलं नसतं. पण माझं ते पातेलं, त्यात दूध उतू जात नाही रे. दुसऱ्या कशातही तापवलं की मी फोन घ्यायला जाते आणि ओट्यावर पूर."

मी ओट्याखाली पाहिलं. पातेलं नव्हतं. मग आठवलं.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी तन्वी. जन्म न्यू जर्सीचा, वय एकतीस, कलाकार. जूनमध्ये ती रेसिडेन्सी म्हणून काहीतरी असतं त्यासाठी ठाण्याला आली होती. म्हणजे कलाकाराला राहायला जागा देतात आणि तो तिथं बसून कुठून आलो याचा विचार करतो. एकदा घरी आली, मामीच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मला मामीच्या काही वस्तू हव्या आहेत. मला त्यांच्यावर काम करायचंय."

मला वाटलं घासूनबिसून ठेवेल. म्हटलं, घे काय हवं ते. आणि मी गॅलरीत जाऊन बसलो. आतून भांड्यांचे आवाज येत होते. ती दोन बॅगा घेऊन गेली. बॅगांत काय होतं ते मी पाहिलं नाही.

आता तिचं प्रदर्शन लागलं होतं आणि येणारा रविवार शेवटचा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण येऊन पडलं होतं. मी त्याला हात जोडल्याचं चिन्ह पाठवून मोकळा झालो होतो.

"काकू, तुमचं पातेलं प्रदर्शनात आहे," मी सांगितलं.

"भांड्यांच्या?"

"कलेच्या."

काकूंनी थोडा विचार केला. "त्यात दूध तापवतात का तिथं?"

"नाही. टांगलंय."

"मग मी येते," काकू म्हणाल्या.

डोंबिवली ते वागळे इस्टेट, मार्गे शीळफाटा

काकूंचे गुडघे स्टेशनचे जिने चढत नाहीत, म्हणून रस्त्यानं जायचं ठरलं. मोबाइलवरून टॅक्सी केली. साडेआठला निघालो. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो असं जो कोणी सांगतो तो रविवारी उशिरा उठणारा असतो. मेट्रोच्या कामानं रस्ता दोन्ही बाजूंनी खाल्लेला आहे. मधले खांब आकाशापर्यंत गेलेत, गाड्या मात्र जागच्या जागी.

शीळफाट्यावर पाऊण तास. चारी दिशांनी कंटेनर येतात आणि प्रत्येकाला पाचव्या दिशेला जायचं असतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, मोबाइल काढला आणि गावी बायकोला फोन लावला.

"पोहोचलो? कुठे पोहोचलो? शीळफाट्यावर आहे गं. हां, कालचाच. नाही, काल सुटलेलो, आज परत आलोय."

काकूंनी पिशवीतून लाडू काढले. एक मला, एक त्याला. "हे पण भांड्यात घालून द्यायला हवे होते, नाही का?" असं मला म्हणाल्या. मी खिडकीबाहेर पाहिलं. काकू टोमणा मारतात तेव्हा आवाज अजिबात चढवत नाहीत. इतकी वर्षं वर्गात न ओरडता शिकवल्याचा परिणाम.

पुढे मुंब्रा बायपास. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली इमारती आणि त्यापलीकडे खाडीची चमक. हा तुकडा खरंच छान आहे. शैला इथं दरवेळी म्हणायची, 'फोटो काढ', आणि मी काढेपर्यंत ट्रक आडवा यायचा. माझ्याकडे या खाडीचे सतरा फोटो आहेत आणि सतरांमध्ये ट्रक आहे. अठरावा काढला. टँकर आला.

सव्वादहाला वागळे इस्टेट. टॅक्सीचे सातशे दहा रुपये झाले. स्वस्तात जायचं असेल तर बस आहे, फक्त शीळफाट्याचा पाऊण तास उभ्यानं काढावा लागेल.

वागळे इस्टेट मला नवीन नाही. एकतीस वर्षं तिथल्या एका व्हॉल्व्हच्या कंपनीत मी इन्स्पेक्शनला होतो. आमची शेड पाडून आता तिथं काचेची इमारत आहे. प्रदर्शन दोन गल्ल्या सोडून होतं, अशाच एका जुन्या प्रेस शॉपमध्ये. वरची क्रेन तशीच ठेवून तिला पिवळा रंग दिलेला आणि हुकाला दिवे लावलेले. फरशीवर तेलाचा डाग दिसला की आमचे सुपरवायझर आकाशपाताळ एक करायचे. इथं त्या डागावर पारदर्शक पॉलिश मारून तो जपला होता. त्या डागाभोवती लोक वळसा घालून चालत होते.

आत कॉफी दोनशे ऐंशी रुपये. टपरीवर कटिंग मिळतो तसल्याच काचेच्या ग्लासात.

शैलाचा नियम होता की स्वच्छतागृहाबद्दल लिहायचंच, बाकी वर्णन लोक कुठेही वाचतात. तर, स्वच्छ, साबण आहे, पाणी आहे. फक्त दारांवर एकीकडे वर्तुळ आणि एकीकडे त्रिकोण आहे. काकूंनी जन्मभर भूमिती शिकवली, तरी विचारावं लागलं.

भांडी

पहिल्याच भिंतीवर, काचेच्या चौकटीत, माझा बनियन होता.

दोन वर्षांपूर्वी फाटला म्हणून शैलानं तो ओटा पुसायला घेतला होता. त्याच्यावर हळदीचे डाग. चौकटीखाली लिहिलं होतं की हे वस्त्र म्हणजे अदृश्य श्रमांची त्वचा आहे. मी सभोवार पाहिलं. कोणी मला ओळखलं असेल असं वाटलं नाही.

खोलीत कुठूनतरी कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज येत होता. एक शिट्टी, मग दुसरी, मग तिसरी, आणि पुन्हा पहिल्यापासून. समोर दोन तरुण मुली डोळे मिटून उभ्या होत्या. काकूंनी तीन शिट्ट्या मोजल्या आणि चौथीला म्हणाल्या, "अगं, कोणीतरी गॅस बंद करा."

"आंटी, किती पॉवरफुल आहे ना?" एक मुलगी डोळे उघडून म्हणाली.

"भात करपला तो," काकू म्हणाल्या.

मधल्या मोठ्या जागेत छतावरून बारीक तारांनी नऊ भांडी टांगली होती. गोल. खाली कोणी नाही, वर दिवा. पंख्याच्या वाऱ्यानं ती किंचित वळत होती. चांगली दिसत होती, हे लिहायला हवं. आमच्या स्वयंपाकघरात ती कधी इतकी चांगली दिसली नाहीत, कारण तिथं ती एकात एक असायची.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत मजकूर होता. खाली मराठी भाषांतर होतं. ते वाचून मी परत इंग्रजीकडे वळलो. अर्थ असा की ही नऊ पात्रं कलाकाराच्या मातृवंशातल्या नऊ स्त्रियांची आहेत. प्रत्येकीवर तिचं नाव कोरलेलं आहे. गाव सोडून शहर, शहर सोडून परदेश, अशा स्थलांतरात घर मागे राहतं आणि नाव भांड्यावर उरतं. समुद्र ओलांडलेल्या नातीनं ही नावं पुन्हा एकत्र आणली आहेत.

मी चष्मा लावला. एकतीस वर्षांची सवय, समोर नऊ नग असले की मी एकापासून सुरू करतो.

पहिल्या डब्यावर होतं, आमच्या कंपनीतल्या कामगार पतपेढीचं नाव, रौप्यमहोत्सव, सभासदांस भेट. म्हणजे आमची पतपेढी तन्वीच्या मातृवंशात होती. दुसऱ्यावर आमच्या वॉर्डाच्या एका माजी नगरसेवकाचं पूर्ण नाव, खाली हळदीकुंकू समारंभ. हे गृहस्थ मिशीवाले आहेत. तिसरं ताट कुणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ वाटलेलं, नावाआधी कै. चौथ्या आणि पाचव्या तांब्यावर लग्नातल्या आहेराची नावं, शैलाच्या ऑफिसातले स्टाफ मेंबर. एक डबा महिला मंडळाचा. एक परात पहिल्या मजल्यावरच्या राणे वहिनींची. त्या दोन वर्षांपासून ती शोधतायत आणि त्यांनी आपल्या धुणंभांडीवाल्या मावशींवर संशय घेतलाय. आठवी वाटी, तिच्यावर फक्त ३०२. हा फ्लॅटचा नंबर, आमचा नव्हे.

नववं जाड बुडाचं पातेलं. सौ. कुंदा वैद्य.

"हे बघ मी," काकू मान वर करून म्हणाल्या.

ज्यांचं लहानपण परदेशात गेलं त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं, किंवा परत मागणाऱ्याचं. ज्या घरात ते सापडतं त्या बाईचं सहसा नसतं. शैलाची लग्नातली भांडी, हे दोन तांबे सोडून, तिनं केव्हाच मोडीत घातली. पुढची तिनं बोहारणीकडून घेतली, माझ्या जुन्या पँटी देऊन. पँटी देऊन घेतलेल्या भांड्यावर कोण नाव घालतं? तन्वीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिनं नक्षीसारखी सुंदर अक्षरं दिसली ती भांडी वेचून घेतली, आणि कोरी तेवढी ठेवून गेली. म्हणजे शैलाची तेवढी ठेवून गेली.

मी खाली बसलो. बसायला जागा होती.

"मामा! तू आलास!" तन्वी मागून आली आणि मला मिठी मारली. तिचे डोळे पाणावले होते. मी म्हटलं, "या वैद्यकाकू."

"नमस्ते काकू."

"नमस्ते. मी ती," काकूंनी वर बोट दाखवलं. "नऊ नंबर. मातृवंश."

तन्वीला समजायला वेळ लागला. मी एकेक भांडं वाचून दाखवलं. हळू आवाजात वाचलं, आजूबाजूला माणसं होती. पतपेढीला ती हसली, तिला वाटलं मी गंमत करतोय. नगरसेवकाला हसली नाही. ३०२ पर्यंत तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मामीचं एकावरही नाही?"

"नाही."

"मग तू तेव्हा का नाही सांगितलंस? मी तुझ्यासमोर नेलं सगळं!"

"मी पाहिलं नाही काय नेलंस ते."

"तेच तर," ती म्हणाली. आता तिचा आवाज वाढला. "तू बाल्कनीत बसलेलास. मी तुला आत बोलावलेलं, दोनदा. तू सात महिन्यांत त्या किचनमध्ये एकदा तरी काही केलंस का, मामा? निदान मी त्यांना हात तरी लावला."

मुलींनी डोळे उघडले. कुकरची तिसरी शिट्टी झाली. तिनं सांगितलं त्यात चूक शोधण्यासारखं काही नव्हतं, आणि मी चुका शोधण्यात पगार घेतलेला माणूस आहे.

काकूंनी ते मिटवलं. "भांडा नंतर. मला माझं पातेलं हवंय, बाळ. दूध उतू जातं."

इथं प्रदर्शन सांभाळणारे गृहस्थ आले. काळे कपडे, गोल चष्मा, आवाज मऊ. त्यांनी सांगितलं की हा संच लंडनच्या एका कंपनीनं ऑफिसच्या लॉबीसाठी ठरवलाय, उद्यापासून पॅकिंग आहे, आणि नऊतून एक काढलं तर वर्तुळाचा संवाद तुटेल.

"मग दुसरं लावा," काकू म्हणाल्या.

"मॅडम, प्रत्येक पात्राला इतिहास आहे."

"याचा माहितीय मला. दोन हजार चार साली घेतलं. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, एवढंच याचं स्थलांतर. समुद्र आता बघेल म्हणता, पण मी त्याला पाठवत नाहीये."

गृहस्थांनी तन्वीकडे पाहिलं. तन्वी वर पातेल्याकडे पाहत होती. मग तिनं खुर्ची ओढली, वर चढली आणि खिशातल्या छोट्या पकडीनं तार कापली. पातेलं काकूंच्या हातात दिलं. उरलेली आठ तशीच फिरत राहिली, एका बाजूला दात पडल्यासारखी.

"मला एक हवं," ती खुर्चीवरूनच म्हणाली. "मामीच्या नावाचं. कुठे मिळेल?"

"कल्याणला," काकू म्हणाल्या. "कुठल्याही भांड्याच्या दुकानात. पाच मिनिटांत घालून देतात."

वागळे इस्टेट ते कल्याण

आधी ठाण्यात मिसळ खाल्ली. नव्वद रुपये प्लेट, पाव जास्तीचे. वेटरनं तन्वीकडे बघून न विचारताच कमी तिखट आणली. तिचा अपमान झाला. तिनं वरून तर्री मागून घेतली आणि पुढची दहा मिनिटं कोणाशी बोलू शकली नाही. काकू म्हणाल्या, "ही खरी अस्मिता."

शीळफाटा दिवसातून एकदाच पुरतो, म्हणून भिवंडीच्या बाजूनं गेलो. गोदामं, ट्रक, पुन्हा गोदामं. अख्ख्या भारतात ऑनलाइन मागवलेली प्रत्येक वस्तू एकदा इथं येऊन जात असावी. मग खाडीवरचा पूल आणि डावीकडे-उजवीकडे बघेपर्यंत दुर्गाडी, आणि कल्याण. सव्वा तास. काकूंनी पूर्ण वेळ पातेलं मांडीवर धरलं होतं. मधेच तन्वी म्हणाली, "काकू, आमच्याकडे सगळं डिशवॉशरमध्ये जातं. कोणाचंच नाव नसतं. हरवलं तर कोणाला परत करायचं तेच कळत नाही." मला वाटलं, भिंतीवर हे लिहिलं असतं तर मी मराठी भाषांतरसुद्धा वाचलं असतं.

बाजारातलं दुकान दोन खणांचं, छतापर्यंत भांडी. मालक साठीचे, गल्ल्याशेजारी नाव घालायचं यंत्र. ते पेनासारखं धरायचं, विजेवर थरथरतं, आणि ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटतं. तन्वीनं नऊ पातेली खाली काढायला लावली आणि त्यातलं शेवटी सर्वांत साधं घेतलं. तेही जाड बुडाचं. सातशे चाळीस रुपये, नाव फुकट. कल्याणला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ठाण्यात अक्षराचे पैसे घेतात.

"नाव?" मालकांनी यंत्र सुरू करत विचारलं.

"शैला," मी म्हटलं. आडनाव सांगितलं.

"सौ. घालू की कै.?"

त्यांनी सहज विचारलं. दिवसातून दहादा विचारत असतील. लग्नाचा आहेर असेल तर एक आणि वर्षश्राद्धाची वाटावाटी असेल तर दुसरं. यंत्र चालू होतं. दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती.

"म्हणजे काय?" तन्वीनं विचारलं.

"नवरा जिवंत असला की सौ.," मी म्हटलं. "बाई गेली की कै."

"नवरा तर जिवंत आहे," ती म्हणाली.

मालकांनी यंत्र बंद केलं. मला दोन्ही शब्द तोंडातून काढता येईनात. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर मी सही केली, पेन्शनचे कागद केले, गॅसच्या कनेक्शनवरून नाव काढलं, आणि इथं एका पातेल्यासाठी मला बोलता येईना. शेजारचं गिऱ्हाईक चहाची गाळणी हातात घेऊन माझ्याकडे बघत थांबलं होतं.

"नुसतं शैला," काकू म्हणाल्या. "मुलांच्या वहीवर घालतात तसं. आडनाव पण नको."

मालकांनी घातलं. दोन अक्षरं, दोन मात्रा, एक काना. त्यांचं अक्षर सुरेख होतं. तन्वीनं बोट फिरवून पाहिलं. नऊ भांड्यांच्या त्या संचात शैलाचं नाव असलेलं हे एकच, आणि त्याला एकही आठवण नाही, त्याचं वय सात मिनिटं.

"हे फार चकचकीत आहे. ते ओळखतील," ती म्हणाली.

"चार वेळा दूध उतू घाल," काकू म्हणाल्या. "आपोआप वंशात येईल."

तन्वी तिथूनच टॅक्सीनं ठाण्याला परत गेली. जाताना तिनं मला विचारलं की भिंतीवरचा मजकूर आता बदलू का. मी म्हटलं, बदल. तिनं विचारलं काय लिहू. मी म्हटलं, 'शेजारच्यांची भांडी' लिही. ती हसली. नंतर तिनं मजकूर बदलला नाही, असं तिनं पाठवलेल्या फोटोवरून दिसतं. फक्त 'मातृवंशातल्या' हा शब्द काढलाय. लंडनच्या लॉबीत आमची पतपेढी आणि मिशीवाले नगरसेवक आता नुसत्या स्त्रिया म्हणून टांगले जाणार आहेत. राणे वहिनींची परात मात्र मी पॅकिंग संपायच्या आधी कुरियरनं मागवून घेतली. तिच्या जागी दुसरी गेली. वहिनींनी परात घेतली. मावशींची माफी मागितली का ते मला माहीत नाही.

ठाकुर्लीवरून घरी

कल्याणहून रिक्षा, ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यानं. हा रस्ता संध्याकाळी चालणाऱ्यांनी भरलेला असतो. नवरा-बायको जोडीनं, बूट घालून, न बोलता. शैला आणि मी इथं येत असू. ती पुढे, मी दहा पावलं मागे. रिक्षावाल्यानं दोनशे रुपये सांगितले, काकूंनी दीडशे केले.

बिल्डिंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर काकू थांबल्या आणि पातेलं माझ्या हातात दिलं.

"हे काय?"

"ते तुझ्याकडून यायचंय ना," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून वर गेल्या.

मी आत आलो. पातेलं ओट्यावर ठेवलं. साखर घालावी असा विचार केला. चमचाभर साखरेवर नियम पूर्ण होतो. साखरेचा डबा उघडला, आत ढेकूळ झालं होतं. मग ओट्याखाली वाकलो. तन्वीनं नको म्हणून मागे ठेवलेली भांडी तिथं होती, एकात एक, कोरी. सात होती. एक जर्मनचं, चार स्टीलची, दोन कढया. मी ती एकेक करून बाहेर काढली, धुतली, आणि ओट्यावर उलटी घातली. सर्वांत लहान कढई माझ्या राखाडी पँटीवर आली होती. ती पँट मला आवडायची, त्यावरून आमचं भांडणही झालं होतं.

त्या कढईत मी पिठलं केलं. मोबाइलवर बघून. पहिलं गुठळ्यांचं झालं, ते मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. त्यात मीठ विसरलो, तेही खाल्लं. तिसऱ्या दिवशीचं काकूंच्या पातेल्यात घालून वर नेलं.

काकूंनी झाकण काढून वास घेतला. "हिंग जास्त झालाय," म्हणाल्या. "बस."

मी बसलो नाही, खाली आलो.

प्रवासाला जाणाऱ्यांसाठी: प्रदर्शन संपलंय, त्यामुळे त्यासाठी जाऊ नका. शेड तिथंच आहे, पॉलिश केलेला डाग पण आहे. मिसळ चांगली. शीळफाटा टाळता येत असेल तर टाळा, टाळता येत नाही.

चार दिवसांनी बेल वाजली. दारात काकू नव्हत्या, डबा होता, त्या ठेवून वर गेल्या होत्या. आत नारळाच्या वड्या. डबा जुना, झाकण थोडं चेपलेलं. उचलताना बोटांना खरखर लागली, म्हणून चष्मा लावून पाहिलं. झाकणावर ठिपक्यांची अक्षरं होती, घासून घासून पुसट झालेली. सौ. शैला, आमचं आडनाव, आणि खाली संक्रांत. काकूंना तिनं कधीतरी वाण म्हणून दिला असणार. त्याच्यात त्या रोज डाळ ठेवत असाव्यात, वासावरून तरी तसं वाटलं.

मी वड्या दुसऱ्या ताटात काढल्या आणि डबा धुतला. मनात आलं, हा राहू द्यावा. काकू परत मागणार नाहीत. त्यांनी मुद्दाम पाठवलाय. कपाटात तिच्या फोटोखाली नीट बसेल.

मग लक्षात आलं, तिनं तो ठेवायला दिला नव्हता, वापरायला दिला होता. डबा तिसऱ्या मजल्यावर परत जायला हवा, आणि रिकामा नाही.

डबा आता पालथा घालून सुकतोय. आत काय घालायचं ते अजून ठरलेलं नाही. सकाळी रवा आणायला हवा.